आमच्या फाटकावरची परिपूर्ण संख्या

माझ्या घराच्या फाटकावर जी दहा आकडी संख्या कोरलेली आहे, तो माझा मोबाईल नंबर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण बारामतीपासून इंदापूरपर्यंत हा गैरसमज पसरला आहे आणि तो निस्तरता निस्तरता माझा घसा बसला आहे. घर भाड्यानं द्यायचं नाही. विकायचंही नाही. वरचा मजला रिकामा नाही, कारण वरचा मजलाच नाही. जिना आहे, तो गच्चीवर जातो. एवढं समजून घेतलंत की पुढचं बोलायला मी मोकळा. आणि मला बोलायचं आहे हो, फार बोलायचं आहे!

मी भापकर. हायस्कुलात गणित शिकवायचो, आता निवृत्त. उभ्या नोकरीत पोरांनी मला एकच प्रश्न विचारला: "सर, हे परीक्षेला येणार का?" फळ्यावर एखादी सुंदर सिद्धता पूर्ण करून, हात झटकून, मोठ्या आशेनं मागं वळावं, तर वर्ग खिडकीबाहेर बघत असायचा, कारण शाळेच्या आवारात कुणाची तरी म्हैस शिरलेली असायची. घरी तर विचारूच नका. जयवंता, म्हणजे माझी बायको, बाकी सगळ्या बाबतीत सोन्यासारखी, पण मी "एक गंमत सांगू का?" म्हटलं की तिला जांभई यायची. गंमत ऐकून नाही, 'गंमत' या शब्दावरच.

तर निवृत्तीनंतर आम्ही काटेवाडीच्या रस्त्याला एक छोटं घर बांधलं. दूध उतू घालून राहायलाही आलो. वास्तुशांत तेवढी मुहूर्तासाठी खोळंबली होती. आणि मग घराचं नाव निघालं.

आमच्या गल्लीत 'मातोश्री' आहे, 'आईसाहेब' आहे. शेजारच्या हिंदुरावांचं 'कष्टाचे फळ' आहे. हिंदुराव साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीचं वजन आपल्याला बघताक्षणी कळतं अशी त्यांची समजूत आहे. जयवंताचं माहेर मोरगावचं. तिनं पायाभरणीच्या दिवशीच जाहीर केलं होतं: 'मयूरेश्वर कृपा'. मी म्हणालो, "देवाची कृपा आहेच, ती दगडावर लिहायला कशाला पाहिजे? आपण एक संख्या लिहू."

"कसली संख्या?"

"परिपूर्ण संख्या! एक गंमत सांगू का?"

जांभई.

पण तुम्हाला सांगतो. तुम्ही जांभई दिलीत तरी मला दिसणार नाही. सहा ही संख्या घ्या. सहाला नि:शेष भाग, खुद्द सहा सोडून, कशानं जातो? एकनं, दोननं, तीननं. आता एक, दोन आणि तीन यांची बेरीज करा. सहा! ज्यांनी ज्यांनी तिला भागलं, ते सगळे एकत्र आले आणि ती पुन्हा पुरीच्या पुरी उभी राहिली. तशीच अठ्ठावीस. मग एकदम चारशे शहाण्णव. मग आठ हजार एकशे अठ्ठावीस. त्यानंतर लाखांत शोधा, दहा लाखांत शोधा, एक नाही! थेट तीन कोटींच्या पुढं एक सापडते आणि तिच्यानंतर येते आमची: आठशे अठ्ठावन्न कोटी, अठ्ठ्याण्णव लाख, एकोणसत्तर हजार छप्पन्न. हिला भागणाऱ्या, हिच्याहून लहान अशा तेहतीस संख्या आहेत आणि त्या तेहतीसांची बेरीज बरोबर हीच. एक इकडं नाही की एक तिकडं नाही. दहा आकडी परिपूर्ण संख्या अख्ख्या विश्वात ही एकटीच आहे! मी ती बेरीज कागदावर स्वतः मांडून बघितली आहे. अशी वस्तू दारावर असताना 'कष्टाचे फळ' कशाला हो?

जयवंता म्हणाली, "बघणाऱ्याला काय कळणार त्यातलं?"

"कळत नाही म्हणून तर विचारतील! मग मी सांगीन!"

माझा सगळा डाव एवढाच होता. कुणीतरी फाटकाशी थांबावं, पाटीकडं बघावं आणि आपणहून विचारावं, "सर, हे काय आहे?" बस. आयुष्यात एकदा.

जयवंता व्यवहारी बाई. तिनं विचार केला आणि अट घातली. "वास्तुशांतीपर्यंत पाटी ऱ्हाऊ द्या. तवर एका तरी माणसानं आपणहून इचारलं आन् सगळं ऐकून घेतलं, जांभई न देता, तर कायमची तुमची पाटी. न्हाय तर वास्तुशांतीच्या जेवणावळी उठल्या की माझी बसवायची." आणि तिनं त्याच दुकानात, त्याच दिवशी, 'मयूरेश्वर कृपा' कोरून घेऊन माळ्यावर टाकलीसुद्धा. माझ्यावर तिचा विश्वास हा असा.

दुकान विशालचं. ग्रॅनाइटवर अक्षरं कोरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही. मी त्याला कागदावर आकडे लिहून दिले आणि दोनदा बजावलं की अंक चुकता कामा नये. अंक एकही चुकला नाही. पाटी आली, वरचं कापड काढलं, सोनेरी रंगात झळाळत होतं: 'मो. ८५८९८६९०५६'.

"विशाल, हे 'मो.' कुठून आलं?"

"तुमी लिहायचं इसरला हुता, सर. मी टाकलं. त्याचं पैसं न्हाईत."

"अरे, हा मोबाईल नंबर नाही!"

विशालनं माझ्याकडं दयेनं बघितलं. माणूस निवृत्त झाला की असं होत असावं, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. "काढ ते," मी म्हणालो. तर म्हणे दगडात कोरलेलं काढत न्हाईत, भरत्यात. त्यानं 'मो.' मध्ये काळी लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वरून घासून दिली. सकाळी बघितलं तर काही कळायचं नाही. पण दुपार कलली की उन्हाची तिरीप पाटीवर पडायची आणि 'मो.' हळूच वर यायचं. आमच्या भागात लोक दुपार कलल्यावरच हिंडायला निघतात.

पहिले दोन दिवस मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो. हिंदुराव आले. पाटीपुढं कमरेवर हात ठेवून उभे राहिले. मी खुर्चीच्या कडेवर सरकलो. विचारा, हिंदुराव, विचारा!

"सर," हिंदुराव म्हणाले, "बेरीज केली का?"

मी खुर्चीवरून उठलोच. "केली! तेहतीसच्या तेहतीस!"

"तसं न्हवं. आकड्यांची. आठ आन् पाच तेरा, आन् आठ एकवीस..." त्यांनी बोटांवर चौसष्ट काढले, चौसष्टाचे दहा केले, दहाचा एक केला. "एक! एक म्हंजी सूर्य. वास्तूला लई शुभ. कुणाकडनं काढून आणला?"

आता काय सांगावं! त्यातली खरी मजा ही की, सहा सोडली तर आजवर सापडलेल्या प्रत्येक परिपूर्ण संख्येच्या अंकांची अशी बेरीज केली की शेवटी एकच उरतो. हे सिद्ध करता येतं! मी सिद्धता सुरू केली. हिंदुरावांनी अर्ध्यात हात वर केला. "म्हंजी समदेच शुभ हायत की. बरं झालं." आणि गेले. हा प्रश्न जयवंतानं धरला नाही. तिच्या मते त्यांनी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. न्यायाची बाई आहे, काय करता.

मग एका संध्याकाळी एक जोडपं आलं. फाटक उघडून सरळ आत. नवरा भिंतीवर टिचक्या मारून बघायला लागला, बायको स्वैपाकघरात गेली आणि जयवंताला म्हणाली, "ओटा जरा बुटका वाटतोय."

मी विचारलं, "आपण?"

"बिऱ्हाड बघायला आलोय. आबांशी बोलणं झालंय फोनवर."

"कोण आबा?"

"घरमालक," तो म्हणाला. मग माझ्याकडं नीट बघून आवाज खाली आणला. "तुम्ही सध्याचे भाडेकरू का? कधी सोडताय?"

स्वतःच्या घरात, स्वतःच्या बनियनवर उभं राहून मी हे ऐकलं. त्यांना घालवलं, तर दुसऱ्या दिवशी एक बाई शिवणक्लाससाठी पुढची खोली बघायला आल्या. मग कोंबडीखाद्याची एजन्सी काढणारा एक जण गोडाऊन बघायला आला. प्रत्येकाच्या तोंडी आबा. आबांनी सांगितलंय हवा खेळती आहे. आबांनी सांगितलंय पाण्याला तोटा नाही. आबा लई गोड बोलतात!

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी या संख्येला भागलं होतं, तिचे भाजक झोपेतसुद्धा म्हणून दाखवले असते, पण तिला फोन करून बघावं हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी फोन घेतला आणि संख्या दाबली. तुम्हाला काय सांगू, रिंग वाजली! विश्वातली एकुलती एक दहा आकडी परिपूर्ण संख्या, आणि तिची रिंग वाजतेय!

"बोला! जोतीराम बोलतोय, इंदापूरकडच्या बावड्यावरनं!" पलीकडून खणखणीत आवाज आला.

"तुम्ही... तुम्ही आबा का?"

"व्हय. घरासाठी का? या की. काटेवाडीच्या रस्त्याला हाय, फाटक निळं हाय, शेजारी 'कष्टाचं फळ' हाय."

"अहो, ते घर माझं आहे!"

पलीकडून बायकोला आनंदानं हाक गेली: "आगं, साखरे, मालकाचा फोन आला बघ! बोला मालक! लई दिस झालं, वाट बघतोय तुमची. घर लई भारी बांधलंय म्हणं तुमी. समदी सांगत्यात."

मी आवाज शक्य तेवढा कडक केला. "तुम्ही लोकांना माझं घर दाखवायला पाठवता, हे बरोबर नाही."

"मग काय करू? लोकं फोन करून इचारत्यात, घर द्यायचं हाय का. न्हाय कसं म्हणायचं माणसाला? येवढ्या आशेनं इचारत्यात. मी म्हंतो जाऊन बगा."

"यापुढे उचलू नका फोन."

"वा रं वा! नंबर माझा, फोन मला, आन् उचलायचा न्हाय?" आता आबांचा आवाज चढला. "आन् मालक, एक सांगा. माझा नंबर दगडावर कोरताना मला इचारलं हुतं का तुमी?"

गणिताच्या मास्तराला असं निरुत्तर करणं सोपं नसतं, पण केलं खरं. मी घाईघाईनं म्हणालो, "आबा, हा नंबर तुमचा म्हणून नाही कोरला. ही संख्या फार मोठी आहे. म्हणजे गुणानं मोठी आहे. एक गंमत..."

"थांबा थांबा, दुसरा फोन येतोय. गिऱ्हाईक आसंल!" आणि फोन बंद.

पुढं आमचं रोज बोलणं व्हायला लागलं. मी त्यांना दम द्यायला फोन करायचो आणि अर्धा तास गप्पा मारून ठेवायचो. त्यांची पूर्वी मेंढरं होती. ती विकली, शेतात लक्ष घातलं, मुलगा पुण्यात गेला. "मेंढरं हुती तवा दिसभर तोंड चालू आसायचं," ते म्हणाले. "हाड, हुर्र, काय बी. आता साखरबाईशी किती बोलणार? ती बी किती ऐकणार? तुमी पाटी लावली आन् माझा फोन बोलाय लागला बगा." हे ऐकल्यावर मी कसला दम देणार? पण संख्येची गोष्ट काही सांगता येईना. सुरुवात केली की दुसरा फोन यायचा. मीच लावलेल्या पाटीमुळं!

अशात ग्रामसेवक भाऊसाहेब आले. घरपट्टीची नोंद करायची होती. पाटीकडं बघून म्हणाले, "फाटकावर नंबर म्हणजे जाहिरात. जाहिरात म्हणजे धंदा. व्यावसायिक वापर लावावा लागेल, सर. धंदा कसला?"

"धंदा नाही. ही नुसती संख्या आहे."

"मग हा मोबाईल नंबर नाही, असा दाखला द्या."

"पण तो आहे मोबाईल नंबर."

"तुमचा?"

"नाही. बावड्याच्या आबांचा."

"त्यांचा नंबर तुमच्या दारावर का?"

मी उजळलो! विचारलं! माणसानं विचारलं! मी त्यांचा हात धरून खुर्चीत बसवलं, जयवंताला हाक मारली, म्हटलं साक्षीला ये. सहापासून सुरुवात केली. अठ्ठावीसपर्यंत आलो. चारशे शहाण्णवच्या भाजकांत शिरलो आणि बघतो तर भाऊसाहेबांचे डोळे मिटलेले. जांभईची पायरी ओलांडून माणूस थेट घोरण्यावर गेला होता. जयवंतानं आत जाऊन माळ्यावरची पाटी खाली काढली, पुसली आणि टॉवेलात गुंडाळून दाराआड उभी केली. भाऊसाहेबांनी जागं झाल्यावर नोंदीत 'धंदा: माहिती घेणे चालू' असं लिहिलं, चहा घेतला आणि गेले.

वास्तुशांत उद्यावर आली आणि एकानंही विचारून शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. मला जेवण जाईना. खरं सांगतो, पाटीचं एवढं नव्हतं. पण आयुष्यभर मी ज्याच्यात रमलो ते दुसऱ्या एकाही माणसाला बघावंसंसुद्धा वाटू नये, याचं फार वाईट वाटत होतं. त्या वाईट वाटण्यात मी आबांना फोन केला आणि बोलता बोलता बोलून गेलो, "उद्या वास्तुशांत आहे, या तुम्ही दोघं जेवायला."

"येतो की! लोकं उद्या बी फोन करत्याल, त्यांना काय सांगू?"

"सांगा काहीही!" मी वैतागून म्हणालो. ही माझी चूक.

कारण आबांनी काहीही म्हणजे हे सांगितलं: आज घर उघडं आहे, निवांत बघून घ्या, जेवणाची सोय मालकानं केली आहे.

वास्तुशांतीला आम्ही पाहुणे बोलावले होते तेवढे आलेच, वर भाडेकरू आले. शिवणक्लासवाल्या बाई मैत्रिणींना घेऊन आल्या. कोंबडीखाद्यवाला टेप घेऊन आला आणि होमाच्या धुरात डोळे पुशीत पुढच्या खोलीची मापं काढायला लागला. आचारी मला तीनदा विचारून गेला, "सर, पुरण पुरंल का?" आणि या सगळ्यात एक जीप येऊन थांबली. आतून भरघोस मिशांचे, पिवळा फेटा बांधलेले जोतीराम आबा उतरले. मागून साखरबाई, हातात तुपाची बरणी. आबा फाटकाशी उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून "या, या, घर आपलंच हाय" म्हणायला लागले. आहेराची पाकिटं लोक त्यांच्याच हातात द्यायला लागले. माझ्या सख्ख्या मेहुण्यानं मला विचारलं, "दाजी, ते पाहुणे कोण? घरचे कर्ते वाटतात." हिंदुराव त्यांच्या शेजारी उभे राहून कोण किती वजनाचा माणूस आहे ते सांगत होते. मी सोवळं नेसून, कपाळाला गंध लावून, पाटावर बसल्या बसल्या हे सगळं बघत होतो. गुरुजी म्हणाले, "यजमान, लक्ष इकडे." निदान गुरुजींना तरी यजमान कोण ते ठाऊक होतं.

जेवणावळी उठायला लागल्या. विशाल ड्रिल घेऊन हजर झाला. जयवंता टॉवेलातली पाटी घेऊन फाटकाशी आली. तिचा चेहरा मात्र जिंकल्यासारखा नव्हता. "काढू का?" विशालनं विचारलं. मी मान हलवली. ड्रिलची वायर लावायला तो आत गेला.

एवढ्यात आबा पान चघळत आले. पाटीपुढं थांबले. एकेका अंकावरून बोट फिरवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मालक, एक इचारायचं ऱ्हाऊनच गेलं बगा. दुनियेत इतकं नंबर हायत. मग ह्योच का वो?"

जयवंता जागच्या जागी थांबली.

इतकी वर्षं तयार ठेवलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. मी पळत आत गेलो, पूजेच्या सुपाऱ्या ओंजळीत घेऊन आलो आणि फाटकाशी जमिनीवर सोवळ्यानिशी बसलो. आबाही मांडी घालून समोर बसले. मी अठ्ठावीस सुपाऱ्या मोजून ढीग केला.

"आबा, या दोघांत सारख्या वाटा. एकाला किती?"

"चौदा."

"बाजूला ठेवा चौदा. आता पुन्हा सगळा ढीग चौघांत वाटला तर?"

"सात."

"लक्षात ठेवा. सात जणांत?" चार. "चौदांत?" दोन. "अठ्ठावीस जणांत?" एकेक. "आता जेवढे वाटे निघाले त्यांची बेरीज करा. चौदा, सात, चार, दोन, एक."

आबांनी बोटांवर केली. पुन्हा केली. मग सुपाऱ्या मांडून केली. आणि मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे हे एवढे झाले होते. "आरं तिच्या मायला! ढीग हाय तेवढाच आला की!"

"आता दहा घ्या!" मी ओरडलो. दहाचे पाच, दोन, एक. आठच भरले. "कमी पडलं!" बारा घेतल्या. सहा, चार, तीन, दोन, एक. सोळा झाल्या. "जास्ती झालं!" आबा गुडघ्यांवर उभे राहिले. "म्हंजी एखादा कमी, एखादा जास्ती, आन् अठ्ठावीस नेमका? आन् माझा नंबर?"

"तुमचा नंबर नेमका! तुमच्या नंबराचे तेहतीस वाटे निघतात आणि सगळे मिळून परत तुमचा नंबर. दहा आकडी असा सगळ्या जगात दुसरा नाही!"

"साखरे!" आबांनी अशी हाळी दिली की जीपखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं. "आगं साखरे, आपला नंबर बिनचूक हाय!"

आणि बोलता बोलता त्यांनी आ वासून ही लांबलचक जांभई दिली.

जयवंता म्हणाली, "जांभई."

आबांनी तोंड पुसलं. "वैनी, ही पुरणपोळीची जांभई हाय. गणिताची न्हाय. पाच खाल्ल्या मी, साक्षीला आचारी हाय." आणि लगेच माझ्याकडं वळून: "मालक, ह्याच्या म्होरला कुठला?"

ह्याच्या पुढची कुठली! तुम्हाला कळतंय का हा केवढा प्रश्न आहे? जो खरोखर आत शिरला तोच हे विचारतो. माझ्या डोळ्यांना पाणी आलं, सगळ्यांदेखत आलं, आणि मी ते होमाच्या धुरावर ढकललंही नाही. जयवंतानं माझ्याकडं बघितलं. मग ती टॉवेलातली पाटी विशालच्या हातात देऊन म्हणाली, "ही तुळशीवृंदावनाला लाव. फाटकाला हात लावू नकोस."

तोवर फाटकाशी गर्दी जमली होती. बातमी पसरली की आबांचा नंबर जगात एकटा आहे. प्रत्येक जण आपापला फोन काढून माझ्यापुढं धरायला लागला. "सर, माझा बघा की!" मी सांगत होतो की दहा आकडीत ही एकच, दुसरी असूच शकत नाही. हिंदुरावांचा चेहरा पडला. ते आबांना कोपऱ्यात घेऊन नंबर बदलून घ्यायचं विचारत होते, वर एक दुभती गाय द्यायची तयारी होती. आबा फेटा सावरीत नाही म्हणाले.

"पण म्होरला सांगा ना," आबांनी मला पुन्हा धरलं.

"तेरा हजार सातशे त्रेचाळीस कोटी, शहाऐंशी लाख, एक्क्याण्णव हजार तीनशे अठ्ठावीस. बारा आकडी आहे, आबा. एक, तीन, सात, चार, तीन, आठ, सहा, नऊ, एक, तीन, दोन, आठ. बारा आकडी फोन नसतो."

साखरबाई दिवसभरात पहिल्यांदा बोलल्या. "बारा आकडी तर म्हशीच्या कानात आस्तो."

खरंच की! जनावरांच्या कानातल्या त्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा आकडीच नंबर असतो. तो कुठल्या तरी म्हशीच्या कानात असेल! कुठल्या तरी गोठ्यात विश्वातली पुढची परिपूर्ण संख्या रवंथ करीत बसली असेल! भाडेकरू, पाहुणे, आचारी, सगळे एकदम बोलायला लागले. आबा जीपकडं निघाले. "मी बावड्याकडनं बघत येतो, मालक. तुमी काटेवाडीकडनं बघा." हिंदुराव तर चपला न घालताच शेजारच्या गोठ्यात शिरले.

आता पाटीखाली विशालनं आणखी एक ओळ कोरून दिली आहे: 'भाड्याने देणे नाही'. तरीही आबांना फोन येतातच आणि आबा त्यांना बिल्ल्याचा नंबर विचारतात.

परवा जयवंताबरोबर स्कूटरवर मोरगावला निघालो होतो. रस्त्याकडेला एक माणूस म्हशीला पाणी पाजून घेऊन चालला होता. मागून जयवंतानं माझ्या पाठीत अशी थाप मारली की हँडल हललं. "थांबा थांबा! एकशे सदतीसनं सुरू होतोय!" मी गाडी स्टँडला लावेपर्यंत ती म्हशीच्या कानाशी पोचलीसुद्धा होती. "एक, तीन, सात, चार... आवं चार हाय! तीन!" म्हशीनं कान हलवला. जयवंतानं शिंग धरून तो सरळ केला. "पुढं शून्य," ती म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

मालक बिचकून बघत होता. "काय झालं वो, वैनी? आजारी हाय का काय म्हैस?"

मी तोंड उघडणार एवढ्यात जयवंतानं मला हातानं गप्प केलं. पदर खोचला, रस्त्याकडेचे खडे गोळा केले आणि खाली बसून म्हणाली, "इकडं या, भाऊ. एक गंमत सांगते. हे बघा अठ्ठावीस खडे. दोघांत वाटा."

मी स्कूटरला टेकून ऐकत राहिलो. एक पायरी चुकली नाही तिची. चौदा, सात, चार, दोन, एक. शेवटच्या खड्यावर तो माणूस जांभई द्यायला लागला. जयवंतानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं ती निम्म्यातच गिळली आणि विचारलं, "बरं मग, म्होरं?"